गावातलं जुनं मातीचं घर दुरुस्ती न करता जसं आहे तसं विकावं का?

दारव्ह्याकडचा

नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यात आमचं गाव आहे, तिथलं घर विकायचं आहे अन् घरात रोज तोच विषय चालू आहे म्हणून इथं विचारून राहिलो. घर आजोबांच्या काळचं, पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, वर कवेलू म्हणजे कौलं, सागवानाचे खांब आणि मयाली म्हणजे छताच्या तुळया, समोर ओसरी, मधात दोन खोल्या, मागं बाबांनी नंतर काढलेलं टिनाचं स्वयंपाकघर आणि परसात विहीर. जागा साधारण 28 बाय 70 फूट, रस्त्याला लागून. बाबा गेल्यापासून कुलूपच आहे. आई माझ्याजवळ यवतमाळला असते, भाऊ पुण्यात, बहीण वर्ध्याला दिली आहे.

घराची हालत सांगतो. वांदरांनी कवेलूची पार वाट लावली, टोळी आली की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उड्या, आणि कवेलू फेरणारा माणूस आता गावात मिळत नाही, जे होते ते म्हातारे झाले अन् त्यांची पोरं पुण्या-नागपूरला गेली. दक्षिणेकडच्या भिंतीला पोट आलं आहे. मागच्या खोलीत पावसाळ्यात पाणी येते, एका कोपऱ्यात पिंपळाचं रोप निघालं आहे. लाईटचं मीटर चालू आहे पण वायरिंग बाबांच्याच काळातलं. संडास ग्रामपंचायतीच्या अनुदानातून बांधला होता, त्याचं दार गेलं.

एक दलाल म्हणतो आधी भिंत दुरुस्त करा, टिन बदला, रंग मारा, मग सात-आठ लाख सहज येतील. मिस्त्रीने अडीच ते तीन लाख खर्च सांगितला. दुसरीकडे गावातलाच एक जण आहे तसं साडेचारला मागून राहिला. भाऊ म्हणतो देऊन टाक, कटकट नको. आईचं म्हणणं असं की पडकं घर विकलं तर लोक काय म्हणतील, निदान रंग तरी मार.

तर दुरुस्ती करून विकण्यात खरंच फायदा आहे का, की जसं आहे तसं देऊन टाकू? ज्यांनी गावाकडचं घर विकलं किंवा घेतलं त्यांनी सांगा. शहरातल्या फ्लॅटचे सल्ले नको, ते भरपूर वाचून झाले.

मिस्त्री_पुसदवाला

भाऊ एक रुपया लावू नका. माही उमर मिस्त्रीकामात गेली, अशी घरं लय पाह्यली. तुम्ही तीन लाख लावसान अन् जो घेणारा येईन थो पैले जेसीबीवाल्याले फोन लावन. आता मातीच्या घरात राह्याले कोणी घेत नाई राजेहो, त्याले जागा पाह्यजे, रस्ता पाह्यजे अन् विहिरीचं पाणी पाह्यजे. तुमचा रंग जेसीबीच्या बकेटीत जाईन.

भिंतीले पोट आलं म्हणता तं कुठं आलं थे पाहा. खाली जोत्याच्या वर हातभर असन तं पाणी मुरून राह्यलं, टिनाच्या स्वयंपाकघराची पन्हाळ तिकडंच पडत असन. वरतं मयालीच्या खाली असन तं मयालीचं टोक सडलं अन् वजन भिंतीवर तिरपं येऊन राह्यलं, थे जास्त धोक्याचं. अन् आपल्या इकडची काळी माती, पाणी पेली की फुगते अन् उन्हाळ्यात फाटते, हात जाईन एवढ्या भेगा पडतात, त्याच्यावर बसलेलं घर दरसाल थोडंथोडं हालतेच. तुम्ही मे मयन्यात भेग बुजवसान, पोळ्यापर्यंत बाजूले दुसरी निघन.

सिमेंटचा गिलावा तं बिलकुलच नाई. दलाल लोकं थेच सांगतात काऊन का फोटोत चांगलं दिसते. मातीच्या भिंतीले सिमेंट मारलं की आतली ओल आतच कोंडते, एक वर्ष चकचक दिसते अन् दुसऱ्या पावसाळ्यात गिलावा मातीची खपली घेऊन खाली येते. तवा घेणारा तुमच्या दारात उभा राह्यते का मले फसवलं म्हणून.

पण घर पडू देऊ नका, थे वेगळं. दुरुस्ती नाई, राखण करा. फुटल्या कवेलूच्या जागी जाड ताडपत्री टाका, पन्हाळ भिंतीपासून दूर काढा, पिंपळ मुळासकट काढा, नुसता कापला तं पुन्हा फुटते. एवढं हजार-दोन हजारात होते. उभं घर अन् पडलं घर याच्यात भावाचा लय फरक पडते, घर पडलं का गिऱ्हाईक म्हणते मलबा उचलाचे पैसे कापा.

अन् सगळ्यात मोठी गोष्ट कोणी सांगणार नाई. तुमचं सागवान मोजून ठेवा. खांब किती, मयाली किती, लांबी-जाडी किती, दाराच्या चौकटी किती, कागदावर लिहा. मोठा खिळा घ्या अन् मयालीच्या टोकाले भिंतीजवळ दाबून पाहा, उधई म्हंजे वाळवी असन तं लोण्यात गेल्यासारखा जाते, चांगलं असन तं टण्ण वाजते. जुनं सागवान आता भेटत नाई. साडेचार लाखाले मागणारा नुसती जागा मोजून राह्यला का लाकूडही मोजून राह्यला हे पाहा.

कटाळलेला_काका

विकू नका. गावातलं घर एकदा गेलं की पुन्हा होत नाही. पोरं उद्या विचारतील.

दारव्ह्याकडचा

काका पोरं विचारत नाहीत, पोरं दिवाळीत पण यायला तयार नाहीत. घरपट्टी मी भरतो, मीटरचं बिल मी भरतो, वांदरांनी पाडलेले कवेलू मी उचलतो. विकायचं ठरलं आहे, ते सोडून बोलू.

मिस्त्रीभाऊ, लाकडाचं डोक्यातच नव्हतं. बरं झालं सांगितलं.

अर्जनवीस

मी दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर बसतो, दस्त लिहिणं हेच काम. भिंतीचं मिस्त्रीने सांगितलं, ते बरोबरच वाटते. पण तुमच्या पोस्टमध्ये कागदाबद्दल एक ओळ नाही आणि गावठाणातल्या घराचा व्यवहार भिंतीपायी अडकत नाही, कागदापायी अडकतो. तीन लाख लावायचेच असतील तर त्यातले दहा-पंधरा हजार कागदावर लावा, बाकी घरी ठेवा.

ग्रामपंचायतीचा नमुना 8 कोणाच्या नावाने आहे ते आधी पाहा. बहुतेक अजून आजोबांच्या किंवा वडिलांच्या नावाने असेल. आणि हे डोक्यात पक्कं ठेवा की नमुना 8 म्हणजे घरपट्टी आकारणीची नोंद, तो मालकीचा पुरावा नव्हे, लोक त्यालाच सातबारा समजून बसतात. आता बऱ्याच गावांत स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाण मोजलं आहे, योजना 2020 च्या एप्रिलपासून चालू आहे. तुमच्या गावची मोजणी झाली असेल तर तालुक्याला उपअधीक्षक भूमी अभिलेख यांच्या कार्यालयात जाऊन मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) निघाली का, त्यावर नाव कोणाचं आहे आणि क्षेत्र किती दाखवलं आहे ते बघा. 28 बाय 70 तुमच्या तोंडी आहे, पत्रिकेवर कमी निघालं तर गिऱ्हाईक तिथंच भाव पाडते. शेजाऱ्याची आणि तुमची भिंत सामाईक असेल तर ते आत्ताच बोलून घ्या, दस्ताच्या दिवशी शेजारी येऊन उभा राहिला की सगळं फिसकटते.

आता वारस. तुम्ही भावाचं म्हणणं लिहिलं, आईचं लिहिलं, बहिणीचं म्हणणंच लिहिलं नाही. वडील मृत्युपत्र न करता गेले असतील तर आई, तुम्ही, भाऊ आणि बहीण असे चौघंही वारस. आईचा स्वतःचा हिस्सा आहे, ती नुसती परवानगी देणारी नाही. घर वडिलोपार्जित म्हणा की वडिलांचं म्हणा, मुलीचा हक्क मुलाइतकाच, 2005 च्या दुरुस्तीनंतर आणि 2020 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर त्यात वाद राहिला नाही. आजोबांना आणखी मुलं-मुली असतील, म्हणजे तुमच्या आत्या-काका, तर त्यांची वाटणी कागदावर झाली होती का तेही पाहा. गावाकडे वाटण्या तोंडीच झालेल्या असतात आणि तीस वर्षांनी आत्याचा नातू येतो.

पुष्कळ लोक आधी बहिणीचं हक्कसोड करून घ्यायला धावतात. विकायचंच आहे तर त्याची गरजच नाही. चौघांनी मिळून लिहून देणार, म्हणजे विकणारे, म्हणून सह्या करा आणि पैसे ज्याच्या त्याच्या खात्यात घ्या. भावाला पुण्याहून येणं जमत नसेल तर त्याच्याकडून नोंदणीकृत मुखत्यारपत्र घ्या, व्हॉट्सअपवरची संमती चालत नाही, हे सांगावं लागते म्हणून सांगतो.

जसं आहे तसं विकणं कायद्याने अगदी चालते, पण माहीत असलेला दोष लपवून नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम 1882 च्या कलम 55 प्रमाणे जो दोष विकणाऱ्याला माहीत आहे आणि घेणाऱ्याला साध्या नजरेने दिसत नाही तो सांगणं विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. भिंतीचं पोट दिसते. मयालीच्या आतली उधई दिसत नाही. म्हणून इसार, म्हणजे सौद्याची आगाऊ रक्कम, घेतानाच लिहा की बांधकाम जुनं मातीचं आहे, दक्षिणेकडच्या भिंतीला पोट आलं आहे, मागची खोली गळते, हे सर्व घेणाऱ्याने पाहून आहे त्या स्थितीत घेण्याचं कबूल केलं आहे. दलाल म्हणेल असं लिहू नका गिऱ्हाईक पळते. पळणारं गिऱ्हाईक आधी पळालेलं बरं.

पैशाचं थोडक्यात. मुद्रांक शुल्क सरकारी दराने निघणारी किंमत आणि तुमची ठरलेली किंमत यात जी जास्त असेल तिच्यावर लागते, पण मूल्यांकनात जुन्या बांधकामाला घसारा मिळतो आणि मातीच्या बांधकामाचा दर आरसीसीपेक्षा कमी असतो, म्हणून बांधकामाचा प्रकार आणि वर्ष खरं लिहा. उगाच रंग मारून पक्कं बांधकाम दाखवाल तर गिऱ्हाईकाला जास्त मुद्रांक पडेल. नोंदणी फी 1 टक्का, जास्तीत जास्त 30,000. घेणारा घर बाईच्या एकटीच्या नावाने घेत असेल तर मुद्रांकात 1 टक्क्याची सूट आहे, हे त्याला तुम्हीच सांगा, सौदा गोड होतो. आणि इसार असो की पूर्ण रक्कम, 20,000 किंवा त्याच्यावर रोख घेऊ नका, घराच्या व्यवहारात ते चालत नाही आणि दंड तेवढ्याच रकमेचा बसू शकतो.

आर्वीवाली

अर्जनवीस दादांनी सगळं बारीक सांगितलं, मी घेणाऱ्याच्या बाजूने लिहिते. आम्ही आर्वी तालुक्यात असंच घर घेतलं, दुरुस्ती न केलेलं, आणि पाडलं नाही. मिस्त्रीभाऊ म्हणतात तसे सगळेच जेसीबी लावत नाहीत. आम्हाला पुढची ओसरी आवडली म्हणून ती ठेवली, मागे दोन खोल्या विटा-सिमेंटच्या काढल्या. तर असेही लोक असतात, कमी असतात पण असतात.

माझं एवढंच म्हणणं आहे की भिंत नका दुरुस्त करू, रंग नका मारू, पण संडासाचं दार लावा आणि विहिरीतला गाळ-कचरा काढून घ्या. घर पुरुष माणूस मोजतो पण हो की नाही बाई ठरवते. माझ्या सासूबाई घर पाहायला आल्या तेव्हा त्यांनी भिंतीकडे पाहिलंसुद्धा नाही, सरळ मागे गेल्या, विहिरीत वाकून पाहिलं, मग विचारलं उन्हाळ्यात पाणी किती हात खाली जाते. विकणाऱ्याला उत्तर आलं नाही, त्याचं काका सांगतील म्हणाला. तिथंच आमच्या यांनी वीस हजार पाडले, आणि खरं सांगू तर विहीर बारमाही निघाली.

दुसरं म्हणजे खोल्या झाडून ठेवा. जुनी कोठी, फुटके रांजण, आजोबांचा पलंग, वखराच्या पास, हे सगळं भरून ठेवलं की घर अर्धं दिसते. ते सामान विकत दिलं असं समजू नका आणि ठेवायचं असेल तर आधी उचला, नंतर भांडण होते. आमच्याकडे एका जात्यावरून झालं.

आणि भाऊ, वेळ पाहून विका. गावातल्या माणसाजवळ पैसा केव्हा असतो तर सोयाबीन निघाल्यावर आणि कापूस घरात आल्यावर, म्हणजे दिवाळीपासून पुढे संक्रांत, फार तर शिमग्यापर्यंत. पेरणीच्या तोंडावर सगळे बी-बियाणं-खताच्या मागे असतात, तेव्हा विकायला काढलं की ज्याच्याजवळ पैसा पडून आहे तोच सावकारासारखा भाव करतो. मातीच्या घरावर आणि त्यातून मालकीचा कागद धड नसलेल्या गावठाणातल्या जागेवर बँक सहसा कर्ज देत नाही, म्हणजे तुमचं गिऱ्हाईक स्वतःच्या पैशावरच घेणार, हे धरून चाला.

नोकरदार_वाशीम

साडेचारवर हो म्हणू नका एवढंच म्हणतो. पहिलं गिऱ्हाईक गावातलं आहे म्हणजे त्याला जागेची गरज आहे, बहुतेक त्याचं घर लागून असेल. लागून असलेला नेहमी जास्त देऊ शकतो कारण त्याला तीच जागा पाहिजे, दुसरी चालत नाही.

अजून एक, घरकुल मंजूर झालेले पण जागा नसलेले लोक प्रत्येक गावात असतात. घरकुलाचं अनुदान मिळते पण बांधायचं कुठं. त्यांना जागा घ्यायला सरकारची वेगळी मदत आहे, पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजना, 500 चौरस फुटापर्यंत. त्या लोकांना तुमच्या भिंती नकोच आहेत, रिकामी जागा पाहिजे. 28 बाय 70 म्हणजे 1960 चौरस फूट झाले, परसाचा तुकडा वेगळा विकता येतो का ते ग्रामसेवकाला विचारा. तुकडे केले तर कटकट वाढते हेही खरं, मागच्या तुकड्याला रस्ता कुठून देणार ते आधी ठरवावं लागेल.

दारव्ह्याकडचा

सगळ्यांचे आभार, एवढं कोणी सांगितलं नव्हतं. नमुना 8 काढला, वडिलांच्या नावाने आहे. आजोबांना बाबा एकटेच, आत्या एक होती, ती वारली, तिला मुलगा आहे हिंगणघाटला. म्हणजे त्याचाही विषय येतो वाटते. बहिणीशी काल बोललो, ती म्हणाली मला पैसे नको पण मला कोणी विचारलं नाही याचा राग आहे. तिचं बरोबर आहे. पैसे तिच्या खात्यातच जातील, ते ठरलं.

शेजारी लागून असलेलाच मागून राहिला, वाशीमच्या भाऊंनी बरोबर ओळखलं. त्याला सांगितलं की दिवाळीनंतर बोलू, तर लगेच पाच म्हणाला.

मिस्त्रीभाऊ, खिळा टोचून पाहिला. ओसरीच्या चारही खांबांत टण्ण वाजते, माजघरातल्या मयालीचं पश्चिमेकडचं टोक मात्र सडलं आहे. आता नवीन प्रश्न, नागपूरकडचा एक जुन्या लाकडाचा व्यापारी नुसतं लाकूड आणि चौकटी घ्यायला तयार आहे, घर उतरवून नेतो म्हणतो. लाकूड आधी वेगळं विकावं का?

मिस्त्री_पुसदवाला

लाकूड काढलं का घर पडलं. मंग तुमच्याजवळ मलबा राह्यते अन् शेजारी पाचाचे पुन्हा चार करते. व्यापारी चांगलं सागवान घेऊन जाते, सडकं तिथंच टाकून जाते, भिंती उघड्या पडल्या का एका पावसात बसतात, अन् शेजाऱ्याच्या भिंतीवर पडल्या तं भरून तुम्ही देसान. लाकडाचा भाव व्यापाऱ्याकडून लिहून घ्या, थो कागद शेजाऱ्याले दाखवा अन् म्हणा बाबा लाकडासकट घेतो का लाकूड सोडून घेतो. थो लाकडासकटच घेईन पाहा, अन् भाव वाढवून घेईन.

वेगळं विकाचंच असन तं गाडीत भराच्या आधी फॉरेस्टवाल्यायले विचारा. सागवान आहे, जुन्या घरातलं असलं तरी रस्त्यात अडवला का व्यापारी तुमचं नाव सांगून मोकळा होईन.

अर्जनवीस

मिस्त्रीशी सहमत. वेगळं विकलं नाही तरी दस्तात स्पष्ट लिहा, लाकूड, कवेलू, चौकटी आणि विहिरीसह विकलं की त्याशिवाय. आजपर्यंत जेवढी भांडणं माझ्या टेबलावर परत आली त्यातली बरीच चौकटीवरून आणि देवघराच्या दारावरून.

आत्याच्या मुलाचं हलक्यात घेऊ नका. आजोबा कधी वारले, आत्या कधी वारली, आत्याचे यजमान आहेत का, या तारखा आणि मृत्यूचे दाखले जमवा, मग कोणाचा हिस्सा किती ते वकिलाकडून एकदा लिहून घ्या. त्याचा हिस्सा निघाला तर त्यालाही लिहून देणार म्हणून घ्या. हिंगणघाट काही लांब नाही, त्याला आत्ताच जाऊन भेटा, दस्ताच्या आदल्या दिवशी फोन करू नका. शेजाऱ्याकडून इसार त्याच्यानंतर घ्या, आधी नाही, आणि घेताना चेकने.

दारव्ह्याकडचा

रविवारी हिंगणघाटला जातो. ताडपत्री आणली आहे, संडासाचं दार मोजून सुताराला सांगितलं. विहिरीचं पाणी वैशाखात किती हात खाली जाते ते आईला विचारलं तर तिनं लगेच सांगितलं, बारा हात, अन् आटत नाही म्हणे.

आर्वीवाली

मग गिऱ्हाईक आलं की आईला बरोबर घेऊन जा भाऊ, बोलू तिलाच द्या.